तिसरा

मालेगावच्या भंगारातून आणला तेव्हा
खोक्यावर खडूने लिहिलं होतं : ओम्नी, चालू.
हा शब्द मी बावीस वर्षं ऐकतोय.
त्याला दोन्ही अर्थ असतात.

शनिवारी बसवला.
फैजपूरच्या उन्हात पत्रा तापलेला,
रुबाब गाडीखाली उताणा,
कुणाचं तरी जुनं पोट छातीवर पेलून
शाफ्टचे दात क्लचच्या दातांशी जुळवत होता,
एक दात इकडे, एक दात तिकडे,
आणि मग एकदम
तो समजूत पटल्यासारखा आत गेला.

रविवारी प्रमिलाताई कोल्हे
वेफर्सची पोती टाकून सावद्याला निघाल्या
आणि अर्ध्या तासात परत.
"तिसरा थांबतच नाही भो.
पाय काढला का बाहेर.
मी धरून बसते त्याले, जत्रेतल्या पोरासारखं."

ऐकलं.
न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की गप्प :
म्हणजे पुढचं बेअरिंग. हे रुबाबही सांगेल.
काटा चाळीसला पन्नास दाखवतो :
आतली गरारी दुसऱ्या मॉडेलची.
रिव्हर्स पडतो, पण सरळ नाही,
आधी दुसऱ्याला हात लावून यायचं,
मगच.

तेल काढलं. काळं, गंधकाच्या वासाचं,
बोटावर घेतलं तर चांदी.
झाकणाच्या चुंबकाला लोखंडाची लव.

आणि मी तुला ओळखायला लागलो.
तू घाटातला.
उतारावर ब्रेक वाचवायला तिसऱ्यात टाकून सोडणारा,
सगळा भार त्या एका गिअरच्या पाठीवर.
डावा हात दांडीवर ठेवून गप्पा मारणारा.
पाय क्लचवरून कधी न उचलणारा.
मी रुबाबला सांगत होतो
तुझा स्वभाव, तुझी घाई,
बायकोशीही असाच वागत असशील म्हणालो.
रुबाब हसला.
चहा आला, गेला. मी अजून तुझ्याबद्दलच बोलत होतो.

सोमवारी खोलायला घेतला.
जॅक लावला, मागची पट्टी सैल केली,
आणि रुबाब खालून म्हणाला,
"चाचा, हे रबर."
मधोमध फाटलेलं. अंगठा आरपार जाईल एवढं.
पाय काढला की सगळा बॉक्सच मागे सरत होता
आणि तिसऱ्याला ओढून काढत होता.

"हे कोणी बसवलं?"

प्रमिलाताईंच्या जुन्या बॉक्सचं ते.
अडीचशे वाचवायला परत लावलेलं.
मीच.
रुबाब काही बोलला नाही,
पान्याच्या डोक्यावरची ग्रीस
बराच वेळ पुसत राहिला.

बॉक्स खोललाच नाही मग.
रबर भुसावळहून आणलं. नवं तेल, भरायच्या भोकातून
ओघळ येईपर्यंत.
तापीच्या पुलाआधीच्या उतारावर
तिसऱ्यात टाकलं, पाय काढला,
हात मांडीवर ठेवला.
एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा,
इंजिन खालच्या सुरात ओढून धरलेलं,
दांडी जागच्या जागी थरथरत होती.
पूल आला. पूल गेला.
परतीच्या वाटेवर आम्ही बोललो ते फक्त
पंक्चरवाल्याच्या उधारीबद्दल.

घरघर आहे अजून. ती खरंच तुझी.
काटाही खोटं बोलतो.
बिलात रबर लिहिलं नाही.

प्रमिलाताईंनी किल्ली फिरवली,
कान लावला, "आवाज?"
"बेअरिंग. पोळ्यानंतर बघू."
"बरं. अन् रिव्हर्स?"
मी खिडकीतून हात घालून
त्यांच्या हातावर हात ठेवला :
आधी दुसऱ्याला भेटायचं, मग मागे.

त्या तशाच गेल्या मागे मागे,
टायरांच्या ढिगाला वळसा घालत, रस्त्यापर्यंत,
तू जसा कुठल्याशा अंगणातून
रोज काढत असशील.